सात नंबर

पौषात हात लवकर उघडत नाहीत.
चुलीवर तळवे शेकून घेतो,
मग सात नंबरची काठी घेऊन मागच्या बांधावर.
कुणा साहेबानं रागानं दरीत भिरकावलेली,
दोन दिवस शोधली होती मी.
मुठीला आता सायकलची ट्यूब गुंडाळलीय.

लिंगमळ्यात धुकं. वेण्णा दिसत नाही.
स्ट्रॉबेरीच्या पानांवर दहिवर गोठलेलं.
चेंडू लावत नाही. गारठ्यात
लोखंडाचा ठणका कोपरापर्यंत चढतो,
आणि चेंडू आहेत तरी किती? चार.
नुसतीच फिरवतो. शंभर वेळा.

"कुणाला दाखवायचंय?" सगुणा विचारते,
खोकी भरता भरता.
काय सांगू?
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या,
वारा कुठला, उतार कुठं, सांगत आलो,
आणि माझा स्वतःचा खांदा
अजून वळायला शिकतोय.

आज, त्र्याहत्तराव्याला बहुतेक,
काठी सुर्रकन खाली आली,
गवताला नुसती चाटून गेली.
दहिवराचे थेंब उडाले
एका ओळीत, सरळ,
पार जांभळीच्या दिशेनं.

वळून बघतो तर सगुणाचा हात खोक्यातच थांबलेला.
"गेला का?"
"गेला," म्हटलं.