शिफ्ट दाबून ल

शनिवारी तिसरा तास संगणक-खोलीत.
नऊ यंत्रं, एकवीस मुलं, आणि एक यूपीएस
जो मधेच टिटवीसारखा ओरडतो.
इंदूरच्या या शाळेत मराठी घेणारे
एवढेच उरलेत, सातवी-आठवी मिळून.

विषय दिला : घरातलं माणूस आणि त्याचं काम.
वहीत दोन ओळींपुढे न सरकणारी पोरं
खुर्च्या ओढून भिडली,
कारण इथे खोडलं तर कागदाला भोक पडत नाही,
आधी काय चुकलं होतं
ते बाईंनाही कळत नाही.

पण यंत्राचा शब्दकोश हिंदी.
'माझ्या', 'आहेत', 'उठतात',
ज्याच्या त्याच्याखाली तांबडी नागमोडी रेघ.
एकटी 'आई' सुटली,
तीही, कुणीतरी आली, असं समजून.

अन्वय हजेरीपटावर ढवळे, आधार कार्डावर ढवले.
वर्गात तोंड उघडत नाही.
त्याने एका बोटाने लिहिलं :
बाबा घड्याल दुरुस्त करतात.
शेजारचा कुशाग्र वाकून म्हणाला,
'क्या भिया, पापा मगरमच्छ सुधारते हैं?'
सगळी खोली हसली. मीही हसले,
मग जीभ चावली.

अन्वय मात्र पडद्याकडेच बघत होता.
'बाई, तो दुसरा ल कुठेय?'

मलाही शोधावा लागला.
लच्याच घरात, वरच्या मजल्यावर.
एका हाताने शिफ्ट धरून ठेवायचं
आणि दुसऱ्याने ल.
दोन हात लागतात, म्हटलं, या अक्षराला.

त्याने आधी घड्याळ नीट केलं,
मग आडनाव,
मग ळळळळळळ, दीड ओळ नुसता ळ,
बोट उचलेचना.
त्याच्या मागे चौघं उभी : मलाही, मलाही.
कुशाग्र त्याच्या खुर्चीच्या दांडीवर बसून
'बाळ' लिहून घेत होता.

तेवढ्यात वीज गेली. टिटवी ओरडू लागली.
'सेव्ह करा,' मी ओरडले,
पण त्याने ते आधीच केलं होतं,
फाइलचं नाव : बाबा२.
(बाबा१ कुठे गेली, मी विचारलं नाही.)

सोमवारी छापून दिलं.
त्याने कागद उजेडाकडे धरला,
उलटा करून पाहिला,
अंगठ्याने एकेक ओळ चाचपली.
'काय शोधतोस?'
'लाल रेघा, बाई.'

त्या कागदावर उतरत नाहीत, मी म्हटलं.
'एकपण नाही?'
एकपण नाही.

घडी न घालता, पाटीसारखा
छातीशी धरून नेला त्याने तो कागद.
माझ्या खिशातलं तांबडं पेन
त्या दिवशी गळत होतं.