नव्वद दिवस

ताल्लिनमध्ये नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
मंगळवारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आली,
गुरुवारी रात्री मला तिच्यातली फट सापडली.
शोधत नव्हते म्हणणं खोटं ठरेल.
शोधतच होते. त्याचाच पगार घेते.

फट म्हणजे काय, तर एक फॉन्ट.
अक्षरं कशी वळवायची ते सांगणारी चिमुकली फाईल.
तिच्यात लांबीच्या जागी मी उणे एक लिहिलं,
आणि यंत्राने मुकाट्याने
घरातल्या सगळ्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या,
पाहुण्याला पाणी द्यावं तशा.

रंगरंगोटी नवी, खिडक्यांचे कोपरे नव्याने गोलावलेले,
आणि आत ही ओळ, सत्त्याण्णव सालची.
वर कुणाची तरी टीप: हे नंतर नीट करू.
मी तेव्हा दुसरीत होते, दात पडत होते माझे.
ओळ उघड्यावरच होती, कुणालाही वाचता येईल अशी.
म्हणूनच कुणी वाचली नसावी.

कंपनीला कळवलं. उत्तर सभ्य, तीन ओळींचं:
आभार. नव्वद दिवस. तोवर वाच्यता नको.
बरोबरच आहे. ओरडून सांगितलं तर
आधी चोर ऐकतो, घरमालक झोपलेला असतो.

खालच्या मजल्यावर हेइनो राहतो,
जन्मभर फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त केलेला.
शनिवारी आला, काखेत लॅपटॉप,
ताटलीत खारवलेल्या काकड्या.
"केर्तू, नवी घालू का? फुकट आहे म्हणतात."
माझ्या तोंडात काकडी होती, तेवढाच वेळ मिळाला.
"थंडी सरू दे," मी म्हणाले.
"यंत्राला कसली थंडी!"
आणि त्याच रात्री घातली.

मग रोज जिन्यात गाठ. रोज तो खुशीत:
ताम्पेरेतली नात पडद्यावर दिसते,
पेन्शन बघतो, बुद्धिबळ खेळतो.
मी मान हलवते, बुटांवरचा बर्फ झटकते.
एकदा मध्यरात्री खाली उतरून
त्याचं खरं दार हलक्या हाताने ढकलून पाहिलं.
बंद होतं. आतून कडी, पितळेची, त्यानेच घडवलेली.

त्र्याऐंशीव्या दिवशी ठिगळ आलं.
यादीत सोळावी ओळ: किरकोळ सुधारणा.
हेइनो तणतणत वर आला.
"ऐन डावात बंद पडलं! वजीर मारणार होतो.
पुन्हा चालू झालं तर सगळं जिथल्या तिथे.
मग बदललं काय?"

काही नाही, मी म्हणाले.
बस, चहा टाकते.
वजीर कुठे उभा होता ते सांग.