एकाहत्तर सेंटिमीटर

ऑक्टोबरात पांढरे हिमकिडे हवेत तरंगू लागले
की आमची तपासणीची गाडी ओतारूला येते,
मासळीबाजाराच्या मागे उभी राहते.
माझ्याकडे टेप.
श्वास सोडा. हात खाली. बेंबीच्या रेषेत.
पुरुष पंच्याऐंशीच्या आत असला तर सोडायचा,
वर गेला तर थांबवायचा, लाल कागद द्यायचा,
चालायला जा, भात कमी करा, वगैरे.
एकोणीस वर्षं मी ही हद्द राखते आहे
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखी.

कुवाबारा-सान पियानो सुरात लावतात.
कंबर एकाहत्तर. दर वर्षी एकाहत्तर.
खांदे म्हणजे हँगर, त्यावर कोट नुसता टांगलेला.
रांगेतल्या बायका म्हणायच्या,
"खाल्लेलं अंगाला लागतच नाही हो तुमच्या!"
तेही हसायचे, तोंडावर हात धरून.
मला वाटायचं, लाजतात.

या खेपेला रक्ताचा कागद पाहून
डॉक्टर मुराईंनी मला आत बोलावलं.
"कंबर नीट मोजलीस ना?"
मी पुन्हा मोजली.
टेपचं काही चुकलं नव्हतं.

मग डॉक्टर त्यांना सांगू लागले:
साखर पेशीच्या दारात ताटकळली आहे.
इन्सुलिन दार वाजवतंय, कोणी उघडत नाही,
म्हणून शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं,
आणखी थापा, आणखी.
"आत कोणी नाही का?"
"आहेत ना. पण अंगात कुठेतरी दाह आहे.
मोठा नाही. ताप नाही, सूज दिसत नाही.
बारीक घरघर, रात्रंदिवस.
त्या घरघरीत थाप ऐकू येत नसावी."

कुवाबारा-सान बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "लोकांच्या घरी गेलो
की मी आधी फ्रिजचा प्लग काढायला सांगतो.
त्यांना वाटतं, म्हातारा विक्षिप्त आहे.
त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही,
रोज त्यातच राहतात ना."

डॉक्टरांनी चष्मा काढला.
"तुमचा फ्रिज कुठे आहे, तो शोधू या."

तेव्हा कुवाबारा-साननी तोंडावरचा हात काढला.
अकरा वर्षं ब्रश गुलाबी होत होता.
हिरड्या काठाकाठाने सुटलेल्या,
ओल्या भिंतीवरच्या कागदासारख्या.
दुखत नव्हतं, म्हणाले.
दुखलं असतं तर आलो नसतो का.

एवढंच कारण, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.
वडीलही असेच काटकुळे होते, पायाची जखम न भरता गेले.
रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हॉटेलांतले पियानो, चार तासांची झोप.
कशाचा वाटा किती, कुणी सांगावं.

त्या रात्री भांडी घासताना मला बायकांचं बोलणं आठवलं.
थट्टाच होती, पण शब्दन् शब्द खरी.
अंगाला लागतच नव्हतं.
खाल्लेलं सगळं रक्तापर्यंत पोचत होतं
आणि तिथेच उभं राहत होतं,
हातात पत्ता घेऊन.

हिवाळाभर ते दातांच्या निशिओका बाईंकडे जात राहिले.
मार्चमध्ये आकडा खाली आला, थोडासा.
हिरड्यांमुळे की झोपेमुळे,
की डब्यातली गोड कॉफी सोडल्यामुळे,
डॉक्टरांनी खांदे उडवले. खूश मात्र होते.

पुन्हा ऑक्टोबर. पुन्हा रांग.
गाडीची पायरी चढता चढता ते थबकले.
"ही घरघर कसली?"
"कसली घरघर?" मी म्हणाले.
त्यांनी बोट खाली केलं, फरशीकडे.
जनरेटर.
एकोणीस वर्षं माझ्या तळपायांखाली चालू.

श्वास सोडा, म्हणाले मी. हात खाली.
एकाहत्तर.
लिहिलं.
मागे सामंजस्याने उभी असलेली एक सडपातळ मुलगी,
बँकेत काम करणारी, कोट काढून तयारच होती.
तिची कंबर चौसष्ट.
तीही चौकटीत लिहिली,
आणि समासात, जिथे आमच्या कागदावर काही लिहायचं नसतं,
पेन्सिलीने बारीक:
हिरड्या? झोप? वडील?
खोडरबर हाताशीच होतं.