विचारून सांगते

काउंटरवरच्या एतेरीच्या तोंडात
एकोणीस वर्षं हे दोन शब्द अडकून होते,
दाढेतल्या अक्रोडाच्या सालीसारखे.
उशी बदलून हवी? विचारून सांगते.
गरम पाणी नाही, पैसे परत द्या? विचारून सांगते.
खिडकी समुद्राकडे उघडते का, असं विचारलं
तरी आधी तेच निघायचं,
आणि समुद्र तर तिच्या पाठीमागेच, काचेपलीकडे,
कुणालाही न विचारता आदळत असायचा.

फेब्रुवारीत माल्खाजनं सगळ्यांना
नाश्त्याच्या हॉलमध्ये बोलावलं.
कंपनीचा नवा नियम: पाहुण्याची अडचण असेल
तर दोनशे लारीपर्यंत काउंटरनं स्वतः ठरवायचं.
टाळ्या वाजल्या. केकही होता.
सामान उचलणाऱ्या रमाझनं पगाराचं काढलं,
तर माल्खाज म्हणाला, विचारून सांगतो.

आम्हा खोल्या झाडणाऱ्यांच्या वाट्याला
त्या दोनशेतलं काही आलं नाही.
टॉवेलचा हंस करायचा की नाही
हे आता तुमचं तुम्ही ठरवा, एवढं सांगितलं.
अकरा वर्षं, दिवसाला सोळा खोल्या, खोलीत दोन हंस.
करा हिशेब. एवढे खऱ्या तळ्यावरही उतरत नसतील.
त्या दिवशी मी एकही केला नाही.
टॉवेल नुसते घडी घालून ठेवले, चौकोनी, गप्प.
जिना उतरताना गुडघे तेवढेच दुखले.
पण शीळ वाजवली, हे खरं.

मार्चमधली एक रात्र. पहाटेचे तीन.
सार्पीच्या नाक्यावरून आलेली बाई,
खांद्यावर झोपलेलं पोर, त्याच्या एकाच पायात बूट.
बुकिंग आजचं, पण खोली दुपारी दोननंतर.
एतेरी म्हणाली, विचारून
आणि थांबली.

मला तिनंच सांगितलं हे, लाँड्रीपाशी, चहा फुंकत.
रिसीव्हर हातात, माल्खाजचा नंबर बोटांना पाठ.
पलीकडे रिंग वाजण्याआधी जी शांतता असते ना,
तिच्यात मला माझाच श्वास ऐकू आला, म्हणाली,
लाइनवर दुसरीच कुणी बाई असल्यासारखा.
रिसीव्हर ठेवला. तीनशे बाराची किल्ली दिली.
रजिस्टरात 'कारण' या रकान्यात लिहिलं:
मूल झोपलेलं होतं.

हात मात्र उजाडेपर्यंत थरथरत होते.
अधिकार अंगवळणी पडायला वेळ लागतो,
नव्या बुटासारखा तो आधी टाच सोलतो.

दहा वाजता माल्खाजनं रजिस्टर पाहिलं.
पेन उघडलं. पुन्हा बंद केलं.
एवढंच. पण एवढंच पाहायला
एतेरीनं घरी जायच्या दोन बस सोडल्या होत्या.

तीनशे बारा माझ्याच मजल्यावर.
मायलेकरं खाली नाश्त्याला गेलेली.
मी पलंगाखाली वाकून पाहिलं, दुसरा बूट नव्हताच.
मग पलंगाच्या कडेवर बसले, जे आम्हाला चालत नाही,
आणि दोन टॉवेल मांडीवर घेतले.
हंस नाही. कासव.
कुणी शिकवलेलं नव्हतं,
एक पाय आखूड झाला. राहू दिला.

एप्रिलमध्ये मुख्य ऑफिसातून तेओना आली, फॉर्म घेऊन.
आपण आपल्या कामाबाबत किती समाधानी आहात?
एक ते पाच. चौकटीत खूण करा.
मला आठवले गुडघे, सोळा खोल्या,
रमाझचा अजून न आलेला जबाब, ते लंगडं कासव.
तीन आणि चारच्या मधल्या रेघेवर पेन टेकवलं.
तेओना म्हणाली, खूण आतच हवी हो.
नक्की किती समजू?

काउंटरमागून एतेरी बघत होती, ओठ दाबून.
मी पेनाला टोपण लावलं, म्हटलं,
विचारून सांगते.