उलटं पाणी

वाहून गेलेलं पाणी परत येत नाही
असं म्हणणाऱ्याने
तळघरात उतरून पाइप पाहिलेला नसतो.

एकतीस वर्षं मी हेच करते आहे
मॅनिटोबाच्या या सपाट गावांतून.
गाडीत गेज, तीन रंगांच्या तीन नळ्या,
जुन्या रबरी वॉशरांचा बिस्किटाचा डबा
आणि बिटाच्या सुपाचा थर्मास.
लोक माणसाचं पाणी जोखतात,
मी पाण्याचं.

पाण्याला आपलं-परकं कळत नाही.
जिकडे दाब कमी, तिकडे ते निघालं.
चौकात बंबवाल्यांनी नळ उघडला,
थंडीने एखादी वाहिनी तडकली,
की गावभरची होजं, हौद, बादल्या
उलट्या पावली चालू लागतात:
गाड्या धुण्याचा साबण,
डुकरांच्या शेडमधलं औषध,
दंतवैद्याकडच्या गुळण्या.
वाटेत माझ्या दोन झडपा
आणि त्यांच्यामध्ये एक, जिचं काम सांडणं.

आज कोवाल्चुक आणि मुलगे, अंत्यविधी-सेवा.
तळघरात स्टीलचं टेबल, टेबलाला रबरी नळी,
नळीच्या दुसऱ्या टोकाला गाव:
शाळेतली पाणी प्यायची तोटी, बेकरी,
बर्फावरच्या खेळाचं मैदान,
माझी किटली.

पहिली झडप: सात पूर्णांक दोन. धरते.
दुसरी: घट्ट.
मग मधल्या खोलीतला दाब हळूहळू उतरवला.
दोनच्या खाली जाण्याआधी सांडायला हवं.
तीन.
अडीच.
दोन.
दीड.
जमीन कोरडी.

टॉर्च घेऊन ओणवी झाले.
सांडायच्या तोंडात लाकडाचं बूच,
मन लावून तासलेलं,
वर पांढऱ्या टेपचे वेढे, एकावर एक, नीट.

लुबोमिर जिन्यातच उभा होता.
"गळत होतं, ओरिसिया. मार्चपासून.
लोक येतात, ओली जमीन बरी दिसत नाही.
बाबांनी केलं ते.
हात थरथरत होते, तरी कुणाला करू देईनात."

बाबा ऑगस्टमध्ये गेले.
याच टेबलावर लुबोमिरने त्यांना तयार केलं,
त्यानेही कुणाला हात लावू दिला नाही.
त्याच आठवड्यात तिसऱ्या रस्त्यावर
मुख्य वाहिनी फुटली होती,
गाव दीड दिवस कोरडं.

ते दोघांनाही आठवलं असावं.
तो टेबलाकडे बघत राहिला,
मी गेजकडे.
सात पूर्णांक दोन, मी म्हणाले. पहिली धरून होती.
पुन्हा म्हणाले.

पकडीने बूच उपसलं.
सात महिन्यांचं तुंबलेलं म्हणणं
एकदम माझ्या बुटांवर आलं.
लुबोमिर फडकं आणायला धावला; म्हटलं, राहू दे,
ओली जमीन म्हणजे शहाणी जमीन.

झाकण उघडलं. बैठकीवर
मोहरीएवढा एक खडा.
एवढ्यासाठी बिचारी मार्चपासून
ठिपकत सांगत होती.

रबर बदललं, पुन्हा लावलं, पुन्हा उतरवलं.
तीन पूर्णांक एकला सांडली.
इतकं गोड सांडली.

फॉर्मवर लिहिलं: नापास, १०.४०.
दुरुस्त. पास, ११.२५.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, खडा.
पेन थोडा वेळ तिथेच राहिलं.
मग खाली सही केली.

बूच माझ्या खिशात होतं.
"ते…" लुबोमिर म्हणाला, पुढे बोलेना.
दिलं.
त्याने ते शर्टाला पुसलं, हुंगलं,
आणि चष्म्याच्या घरात ठेवलं.

वर त्याने चहा टाकला.
नळ सोडून जरा वेळ वाहू दिला,
माझ्याकडे पाहिलं, मगच किटली भरली.
मी दोन कप प्यायले.