पाव तोळा

तिकीट दोनशे रुपये, चहा त्यातच.
नारायण पेठेतलं तळघर. पूर्वी इथे टायर रिमोल्ड व्हायचे,
रबराचा वास अजून भिंतीत आहे.
बेचाळीस खुर्च्या, त्यातल्या दोन राखीव,
कुणासाठी ते कुणालाच माहीत नाही.

मी आलो उर्वीसाठी. आमच्या वरच्या मजल्यावर राहते,
दिवसा बँकेत लोकांची कर्जं नाकारते
आणि या नाटकात तराजू आहे.
म्हणजे तराजूचंच काम:
हात आडवे, दोन्ही तळव्यांवर पितळी ताटल्या,
संवाद एकही नाही.
"काका, पाठांतर शून्य, पण खांदे भरून येतात."

विषय अफू. साहेबाचं राज्य, सरकारमान्य दुकान,
कंदिलाच्या जागी टेबललॅम्प, त्यावर पिवळा जिलेटिन.
अबकारीचे कारकून विसाजीपंत
मालाची प्रत तपासतात, पुन्हा तपासतात,
तिसऱ्यांदा तपासून झाल्यावर
हजेरीपुस्तकात स्वतःच्या नावापुढे
सुवाच्य अक्षरात लिहितात: मयत.
मग एक इनामदार येतात, घोड्यावरून.
गोधडीखाली कॉलेजची दोन पोरं,
घोड्याचा पुढचा भाग झिंगलेला,
मागचा पूर्ण शुद्धीवर आणि लाजेने चूर.
मागचा पुढच्याला ढकलत नेतो.
माझ्या शेजारच्या बाईंना हसून ठसका लागला,
कुणीतरी राखीव खुर्चीवरची बाटली दिली.
ज्याची चिरीमिरी जड, त्याच्या बाजूला
उर्वी झुकायची, चेहरा दगडाचा.

शेवटचं गिऱ्हाईक एक बाई.
डोक्यावर चुंबळ, कडेला गाठोडं.
"पाव तोळा."
पंत विचारतात, "कुणाला? नवऱ्याला?"
"लेकराला. चार म्हैन्याचं हाय."
"काय करतं लेकरू?"
"रडतं."
आम्ही हसलो. मीही हसलो, मोठ्याने.
"मला दिवसभर खडी फोडायची असती.
मोहरीएवढी दिली की दिवस मावळेस्तोवर गप."

हसू तिथे एकदम थांबलं नाही,
मागच्या रांगेत थोडा वेळ चालू राहिलं,
बंद केलेल्या नळासारखं.

एका ताटलीत गोळी, दिसतही नव्हती.
दुसरीत गाठोडं.
तराजू समतोल राहिला.
फक्त उर्वीचे हात कापत होते,
ते दिग्दर्शकाने बसवलं होतं
की खांद्यांनी स्वतःहून केलं, कळलं नाही.

दिवे लागले. चर्चा.
पहिल्या रांगेतले निवृत्त गृहस्थ उठले, घसा साफ केला,
"शेवटच्या प्रसंगाला आधार काय? दप्तरात नोंद आहे?"
लेखक किडकिडीत पोरगा, कानाला पेन.
"नोंद नाही सर. मी बनवलंय."
गृहस्थ बसले. बरं वाटलं त्यांना.

भवानी पेठेत माझी आई विड्या वळायची,
हजाराला किती मिळायचे ते ती सांगत नसे.
सांगायची एवढंच, येईल त्या पाहुण्याला, कौतुकाने,
"हा? हा कधी रडलाच नाही.
तंबाखूच्या सुपाशेजारी निजवला की
संध्याकाळी उचलायचा."
फळीवर झाकण गंजलेली एक डबी असायची.
पोटदुखीची, म्हणायची. माझं पोट दुखायचं तेव्हा
तिने ती कधी उघडली नाही.
मी तिला विचारलं नाही. कारण विचारण्यासारखं
त्यात काही आहे, हे अडुसष्टाव्या वर्षापर्यंत
सुचलंच नव्हतं.

माइक फिरत फिरत माझ्यापाशी आला.
मी म्हटलं, "तराजूचं काम फार छान झालं."
टाळ्या पडल्या.

बाहेर उर्वी मान चोळत, हेल्मेट काखेत.
"काका, मधे डुलकी नाही ना लागली?"
"छे," मी म्हटलं,
आणि चहाचा रिकामा कागदी कप
कुठे टाकावा ते न कळून
घरापर्यंत हातात धरून आणला.