चेंबर नंबर तीन

सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरमध्ये
मी तापमान लिहिते,
दर दोन तासांनी, निळ्या शाईत.
केळीला सोळा लागतं.
हेमराजच्या इंजेक्शनला दोन ते आठ.
म्हणून ते ऑफिसच्या फ्रिजात राहतं,
ताकाच्या बाटलीमागे, मालकाला विचारून.
वीज गेली की मी केळीच्या आधी तिकडे धावते.
हे रजिस्टरात येत नाही.

दुपारी भुसावळकडून हवा येते पंचेचाळीसची.
थर्मास पदराखाली धरून
कुणाचं तान्हं नेत असल्यासारखी मी घरी जाते.
हेमराज पोटाची चिमूट स्वतःच धरतो,
भिंतीकडे बघतो.
तीनशे मायक्रोग्रॅम. पाण्याचे चार थेंब असतील नसतील.

जळगावच्या अत्तरदे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
हे औषध म्हणजे रक्त नव्हे, ही हाक आहे.
हाडांच्या आत जे कुणी उरलं असेल
त्याला उठ म्हणायचं, वाढ म्हणायचं.
आणि कुणी उरलंच नसेल तर?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
काढलं. पुन्हा लावलं.

त्यांनी सांगायची गरज नव्हती.
आम्ही चेंबरात गॅस सोडतो, तीही हाकच.
जून घड ऐकतो, चौथ्या दिवशी पिवळा होतो.
कोवळा कापलेला
हिरवाच सुरकुततो, मग काळा पडतो.
व्यापारी गॅसला शिव्या देतात.
गॅसचा काय दोष.

माझं त्याला जुळलं नाही.
एका ताटात कळण्याची भाकरी खाल्ली,
एकाच आठवड्यात दोघांना गोवर निघाला,
एकाच विहिरीत, एकाच डब्याला धरून पोहायला शिकलो,
आणि कागदावर: अर्धं.

सहाव्या रात्री तो कण्हू लागला.
कंबर, मांड्या, छातीचं हाड.
आत कुणी मुसळ घालतंय गं, म्हणाला.
दुखेल, असं बाईंनी सांगितलंच होतं.
मी त्याचे पाय मांडीवर घेतले
आणि मला, काय सांगू, आनंद झाला.
आहे कुणीतरी.
बंद दाराआड कुणीतरी कूस बदलली.
अंधारातही माझं हसू त्याला कळलं असावं.
ताई, तुला काय झालं? म्हणाला.

सकाळचा रिपोर्ट: दोनशे दहा.
गेल्या आठवड्यात एकशे नव्वद होतं.
वीस.
लॅबचा पोरगा म्हणतो, वीसचा फरक मशीनचाही असतो.
माय चुलीपुढून मान न वळवता विचारते,
"रगत उनं का वं?"
निघालंय, मी म्हणते.
वाटेत आहे.

चार वाजले.
चेंबर नंबर तीन: सोळा पूर्णांक दोन.
त्याच्याखाली, त्याच शाईत, आज पहिल्यांदा:
फ्रिज, पाच.